कळ सोसू नका, पत्ता विचारा

माझी आक्का शेवटचे चार महिने आडवी झालीच नाही. भिंतीला पाठ लावायची, उजवा पाय पोटाशी ओढून घ्यायची आणि तशीच रात्र काढायची. दाजींनी धान्याच्या पोत्यात जुनी लुगडी कोंबून तिला लोड करून दिला होता. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. रेडिएशनचे शेक झाले, वर्षभर बरं गेलं आणि मग आजार उलटला. कमरेतून निघालेली कळ मांडीतून उतरत घोट्यापर्यंत जायची. ‘शिरेतनं कुणी निखारं ओततंय बघ,’ असं म्हणायची. रात्री दोन वाजता शेजारपाजार जागा होऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरायची. ती गेल्यावर खिडकीतल्या बामाच्या रिकाम्या बाटल्या मी उचलल्या. एकवीस होत्या.

ही २०११ सालची गोष्ट. मोठ्या रुग्णालयातून तिला घरी पाठवताना आम्हाला सांगितलं गेलं, ‘आता करण्यासारखं काही उरलं नाही. घरी न्या, सेवा करा.’ आम्ही मान डोलावली. मी शाळेत शिकवणारी बाई, चार बुकं वाचलेली. पण करण्यासारखं उरलं नाही ते आजारावर, की दुखण्यावरही, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. कागदावर एक गोळी लिहून दिली होती, दिवसातून तीन वेळा. दाढ दुखली की आपण मेडिकलमधून आणतो, तीच.

त्यानंतर तीन वर्षांनी शेजारणीच्या सोबतीला म्हणून एका कॅन्सर केंद्रात गेले. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खोली होती, दारावर पाटी होती ‘वेदना व उपशामक सेवा’. बाहेरच्या बाकावर आक्काच्याच वयाची एक बाई होती. बोलता बोलता कळलं, आजार तोच, उलटलेला, आणि कळसुद्धा त्याच पायात. ती बाई बाकावर मांडी घालून बसली होती आणि नातवाला केळं सोलून देत होती. मी तिच्या त्या मांडीकडेच बघत राहिले. आक्काला मांडी घालून बसलेली बघून मला किती महिने झाले होते, ते आठवेना. पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून तिनं मला दाखवली. ‘चार-चार तासांनी घ्यायची. रात्री झोपते मी आता.’

ती खोली आमच्या गावापासून सत्तर किलोमीटरवर आहे. एसटीनं दोन तास. आक्का होती तेव्हाही ती खोली तिथं होती.

म्हणून हे आवाहन करते आहे आणि ते आजच्यासाठी आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत, वस्तीवर कॅन्सरचं कुणी माणूस असेल आणि त्याला दुखत असेल, तर ते दुखणं त्या आजाराचा भाग म्हणून गृहीत धरू नका. त्यावर इलाज आहे. तो इलाज करणारे वेगळे डॉक्टर आहेत. ते कुठं बसतात हे या आठवड्यात शोधून काढा. आजार बरा होणार की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर काहीही असलं तरी दुखणं कमी करता येतं.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची एक साधी पद्धत सांगितली. थोडं दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, त्यानं भागलं नाही तर त्याच्या वरची, आणि दुखणं जबर असेल तर मॉर्फिन. शक्यतो तोंडानं, सुई नाही. दुखायला लागल्यावर नाही, तर घड्याळ लावून, दुखणं परत यायच्या आधी. बहुतेक रुग्णांचं दुखणं एवढ्यानंच आटोक्यात येतं. ज्यांचं येत नाही त्यांच्यासाठी आणखी उपाय आहेत. शिरेचं दुखणं, म्हणजे आक्काचं होतं तसं आग पडणारं, वीज चमकल्यासारखं, त्याला सोबत वेगळ्या गोळ्या द्याव्या लागतात. आजार हाडात उतरला असेल तर पुष्कळदा शेकाची एकच बैठक पुरते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची पोटातून पाठीत जाणारी कळ असते, तिच्यासाठी भूलतज्ज्ञ सुईनं शिरांचं जाळं बधिर करतात. यातलं कुठलंही औषध नवं नाही, आणि मॉर्फिनची गोळी तर महागही नाही.

मग ती मिळत का नाही? याचं उत्तर ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं होतं आणि मग संताप. ज्या अफूपासून मॉर्फिन होतं ती अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्यानं पिकते. नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत. १९८५ साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला. नशेचा व्यापार रोखण्यासाठी तो हवाच होता. पण त्या जाळ्यात औषधही सापडलं. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर तीन-चार खात्यांचे परवाने, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती यायचा नाही. कागदात चूक झाली तर तुरुंगाची भीती. दुकानदारांनी ठेवणं सोडलं, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं, आणि मग डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली. पूर्वी देशात वर्षाला काही शे किलो मॉर्फिन रुग्णांना दिलं जायचं, ते १९९७ साली १८ किलोवर आलं. एवढ्या मोठ्या देशात १८ किलो! २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं जगाचा हिशेब मांडला, तेव्हा आपल्याकडे गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोचत असल्याचं दिसलं.

कायदा मात्र बदललेला आहे, आणि हे पुष्कळ डॉक्टरांनाही माहीत नसतं. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ साली संसदेनं दुरुस्ती केली. आता मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आहेत. रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता घ्यावी लागते. परवान्यांची ती जुनी माळ आता नाही. प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, नोंदवही नीट हवी, कपाटाला कुलूप हवं.

आता घरातल्या भीतीबद्दल, कारण कायद्याइतकीच ती आडवी येते. दर मंगळवारी मी त्या व्हरांड्यातल्या बाकावर मदतीला बसते. निवृत्त झाल्यापासून हाच माझा नेम. तिथं मुलगा विचारतो, ‘बाई, वडिलांना याची चटक लागेल का?’ सून विचारते, ‘हे दिलं म्हणजे आता शेवटच आला का?’ डॉक्टर न कंटाळता सांगतात आणि मी त्यांच्याकडून ऐकलेलं पुन्हा सांगते. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून घेतलेल्या मॉर्फिनची सहसा व्यसनासारखी चटक लागत नाही. अंगाला सवय होते, म्हणून ते एकदम थांबवायचं नाही, हळूहळू कमी करायचं. आणि ते शेवटचं औषध नाही. आजार आटोक्यात आला, शेकानं गाठ बसली, की कितीतरी जणांचं मॉर्फिन बंद होतं. पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, मळमळतं, मग ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायची. ती चुकली की माणूस पोट फुगून हैराण होतो आणि चांगलं लागू पडलेलं औषध घरचे बंद करून टाकतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता दोन्ही पट्ट्या रबर लावून एकत्र बांधूनच हातात देते.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाला बहुतेकांना दुप्पट देतात, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागत नाही. पण हा डोस डॉक्टर ठरवतात. लघवीचा, किडनीचा त्रास असेल तर तो आधी सांगायचा, कारण मग मोजमाप बदलतं. शेजारच्याला लागू पडली म्हणून त्याची पट्टी आणून द्यायची नाही. स्वतःच्या मनानं वाढवायची नाही, दोन गोळ्यांच्या मध्ये दुखलं तर काय घ्यायचं ते आधीच लिहून घ्यायचं. बारा तासांची वेगळी गोळी असते, ती फोडायची किंवा कुटायची नाही. गोळ्या कुलपात ठेवायच्या, पोरांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, आणि उरलेल्या गोळ्या केंद्रात परत द्यायच्या. माणूस फारच झोपाळला, हाक मारूनही जागा होईना, श्वास मंद झाला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आणि एक कळकळीची विनंती. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून मुठीनं खाऊ घालू नका. आपण ‘घरचंच औषध’ म्हणतो त्या गोळ्या आठ-आठ, दहा-दहा झाल्या की पोटात अल्सर करतात आणि किडनीवर जातात. मॉर्फिनची भीती बाळगणारं घर या गोळ्यांची भीती बाळगत नाही, आणि माणूस दोन्हीकडून नाडला जातो.

दुखण्याचा डॉक्टर दुखणं विचारतो तेव्हा नीट सांगा. आपल्याकडे बायका सांगत नाहीत. ‘बरंय’ म्हणतात. पुरुष डोळे मिटून गप्प बसतात. डॉक्टर शून्य ते दहामध्ये आकडा विचारतात, पण आमच्याकडच्या आज्यांना तो हिशेब जमत नाही. मी त्यांना विचारते, ‘आजी, रुपयातलं किती आणे दुखणं उरलंय?’ लगेच उत्तर येतं. ‘आठ आणे गेलं बघ, आठ आणे ऱ्हायलं.’ ते मी कागदावर लिहून आत देते. तुम्हीही घरी वहीचं एक पान करा. कुठं दुखतं, केव्हा वाढतं, किती आणे, झोप किती झाली. त्या एका पानावर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

दुखणं म्हणजे फक्त कळ नाही, हेही तिथंच शिकले. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेला एक माणूस आठवतो, गालाला भोक पडलेला. जखमेला वास यायचा म्हणून तो स्वतःहून गोठ्यात राहायला गेला होता. ताट उंबऱ्यावर ठेवलं जायचं. तो तोंडावर टॉवेल घेऊन आला, मान वर करीना. नर्सताईंनी जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुतली आणि मेट्रोनिडॅझोलची पूड त्यात भरली. जुलाबासाठी घेतो तीच गोळी, बारीक कुटलेली. बायकोला शेजारी बसवून तिच्या हातून पट्टी बांधून घेतली. आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा वास जवळजवळ गेला होता. बायको म्हणाली, ‘रातच्याला घरात झोपत्यात आता.’ आजार होता तेवढाच होता. पण माणूस गोठ्यातून घरात आला होता.

आता कुठं जायचं ते.

मुंबईला परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि देशभरातली माणसं तिथं जातात. तिथं उत्तम उपचार होतात. पण मराठवाड्यातलं, विदर्भातलं, कोकणातलं प्रत्येक माणूस तिथं गेलं पाहिजे असं नाही, आणि दुखण्याच्या गोळीसाठी तर मुळीच नाही. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत फुटपाथवर झोपलेल्या बायाबापड्या मी पाहिल्या आहेत. सोबत म्हातारा नवरा, शेळी शेजाऱ्याकडे, पोरं मामाकडे. पहिला सल्ला तिथं घेतला तरी पुढचा केमो, तपासणी आणि वेदनेची औषधं जवळ मिळतील का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा. ते पत्ता देतात, चिठ्ठी देतात. देशभरातल्या तीनशेहून जास्त रुग्णालयांचं एक जाळं आहे, राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड, २०१२ साली सुरू झालेलं, ते यासाठीच की उपचार सगळीकडे एकाच पद्धतीनं व्हावेत.

विदर्भातल्या लोकांना नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. सोलापूर, धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, कोकणातल्यांना चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय. पुण्यात वारज्याला १९९७ पासून फक्त उपशामक सेवेसाठी सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, तिथं पैसे घेत नाहीत. रुग्णासोबत घरच्या माणसालाही राहता येतं, पट्टी बांधायला, नळीतून जेवण द्यायला शिकवतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं अशा प्रकारचं पहिलं, आणि त्यांची गोव्यातही शाखा आहे. काही जिल्ह्यांच्या सिव्हिलमध्ये २०१८ पासून टाटाकडून शिकून आलेले डॉक्टर केमो देतात, आणि काही ठिकाणी उपशामक सेवेचा कक्षही आहे. केंद्र सरकारनं २०२५च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरचं डे-केअर केंद्र करण्याचं जाहीर केलं आहे. तुमच्या सिव्हिलमध्ये ते आलं का, हे जाऊन विचारा. विचारणारी माणसं असली की अशी केंद्रं लवकर उघडतात.

केंद्रात गेल्यावर गोंधळू नका. कॅन्सरचा डॉक्टर म्हणजे एक डॉक्टर नसतो. ऑपरेशनचा वेगळा, केमोचा वेगळा, शेकाचा वेगळा. आणि चौथा दुखण्याचा, तो बहुधा भूलतज्ज्ञ असतो किंवा उपशामक सेवेचं वेगळं शिक्षण घेतलेला. पहिल्या तिघांकडे तुम्हाला पाठवलं जातं. चौथ्याकडे पुष्कळदा कुणी पाठवत नाही, ती खोली आपण विचारावी लागते. खिडकीवर हे शब्द वापरा: ‘पेन क्लिनिक कुठं आहे? पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कोणत्या दिवशी असते? मॉर्फिनच्या गोळ्या इथं मिळतात का?’ हे तीन प्रश्न निघायच्या आधी फोनवरही विचारता येतात, आणि विचाराच, कारण कितीतरी ठिकाणी ही ओपीडी रोज नसते. चुकीच्या दिवशी गेलात तर दुखणाऱ्या माणसाला दोन तास एसटीत बसवून तसंच परत आणावं लागतं.

फाईल भरताना सगळे कागद घ्या, फाटके, पिवळे पडलेले, सगळे. तुकडा तपासल्याचा रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा. तुकडा ज्या लॅबमध्ये तपासला, तिथून काचा आणि मेणाचा ठोकळा, ज्याला ते ब्लॉक म्हणतात, तोही मागून घ्या. नाही तर नव्या ठिकाणी पुन्हा तुकडा काढायची वेळ येते, त्यात दिवस जातात. चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी. आधार, रेशनकार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, केमो आणि शेक त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल मांडून बसलेला असतो, त्याला गाठा. योजनेची चौकशी १४५५५ वर करता येते. पैसे भरून मग परत मागू म्हणू नका, आधी कार्ड दाखवा. रेल्वेनं उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, सोबतच्याला पाऊण सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून ठेवा. एसटीतही सवलत आहे.

माणूस हलवण्याच्या पलीकडे गेला असेल तर? तरी विचारा. काही केंद्रांची पथकं घरी येतात. जिथं येत नाहीत तिथं रुग्णाची फाईल आणि तुम्ही लिहिलेलं ते पान घेऊन घरचं माणूस एकटंही येऊ शकतं. आमच्या बाकावर अशी कितीतरी पोरं बसतात. डॉक्टर फोनवर रुग्णाला बघतात, बोलतात, आणि पुढं काय करता येईल ते सांगतात. गावातल्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा आता आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामाच्या यादीत आहे, ते त्यांचंच काम आहे.

अजून एक समज, ज्यानं आमच्याकडे माणसं फार उशिरा येतात. ‘ती खोली म्हणजे शेवटची खोली.’ तसं नाही. ज्या दिवशी कॅन्सरचं निदान होतं त्या दिवसापासून त्या दारातून आत जाता येतं, केमो चालू असतानाही. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी काहींना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक सेवा दिली. त्यांचे दिवस तर बरे गेलेच, पण ते जगलेही जास्त, साडेअकरा महिन्यांच्या आसपास, आणि ज्यांना ती मिळाली नाही ते नऊ महिन्यांच्या आसपास. दुखणं थांबलं की माणूस जेवतो, झोपतो, केमो अर्धवट सोडून पळत नाही. मला यात नवल वाटत नाही. आक्कानं अन्न सोडलं ते भूक मेली म्हणून नाही. ताटावर बसायला तिला जमत नव्हतं.

तालुक्याच्या डॉक्टरांना हात जोडून सांगते. तुमच्या ओळखीचा रुग्ण जेव्हा ‘घरी न्या’ अशा कागदासह तुमच्याकडे परत येतो, तेव्हा जवळच्या पेन क्लिनिकचा पत्ता त्याच कागदावर लिहून द्या. एवढंच. जमलं तर काही आठवड्यांचं प्रशिक्षण घ्या, हल्ली ते घरी बसून ऑनलाइनही होतं. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि मोठी रुग्णालयं चालवणाऱ्यांनी आपली संस्था मान्यताप्राप्त करून घेण्याचा अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे केला आहे का, ते आज फाईल काढून बघावं. आपला जिल्हा केवढा, आणि त्यात मॉर्फिनचं कपाट किती ठिकाणी आहे, हे नकाशावर टिंब देऊन बघितलं की किती गावं त्या टिंबांपासून लांब आहेत ते दिसेल.

आणि ज्यांच्या घरी सुदैवानं कुणी आजारी नाही त्यांनाही माझं मागणं आहे. गाडी असेल तर महिन्यातून एकदा एखाद्या रुग्णाला केंद्रात सोडा. कॉलेजातली पोरं असतील तर ज्येष्ठांच्या घरी जाऊन गोळ्यांच्या वेळा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टर आणि साध्या माणसांनी मिळून एक संस्था काढली, आणि तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावर आज गावोगाव ही सेवा पोचली आहे. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, हीच माणसं होती ती. आपल्याकडे वारीत दमल्याभागल्याचे पाय चेपायला माणसं रांगेनं बसतात. त्यातली चार माणसं वारी संपल्यावर एखाद्या कॅन्सरवाल्या घरात तासभर जाऊन बसली, तरी त्या घरातल्या सुनेला डोळा लावायला मिळेल.

आमच्या घरी लोक यायचे, नाही असं नाही. यायचे, दारातून बघायचे, ‘भोग आहेत’ म्हणायचे आणि जायचे. कुणी पत्ता दिला नाही, कारण कुणालाच तो ठाऊक नव्हता. आता तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तो आपल्याजवळ ठेवू नका. किराणा दुकानात, भजनाला, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालक सभेत बोला. कॅन्सर हा शब्द उच्चारायला जड जात असेल तर ‘मोठा आजार’ म्हणा, पण बोला. अशा घराच्या दारात उभे राहाल तेव्हा ‘कसंय आता?’ एवढ्यावर थांबू नका. ‘रात्री झोप लागते का?’ असं विचारा. नाही म्हणाले तर केंद्राचं नाव सांगा, फोन लावून द्या, आणि सोबत कुणी नसेल तर स्वतः जा.

आज रात्रीच पिशवी भरून ठेवा. तुकड्याचा रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या, आधार, रेशनकार्ड, दुखण्याचं ते एक पान, पाण्याची बाटली, माणसाला टेकायला एक उशी. सकाळी फोन करून ओपीडीचा दिवस पक्का करा आणि पहिली एसटी धरा. केसपेपरच्या खिडकीवर माणसं आठपासूनच उभी असतात.